शेनँडोआ सॅलमँडरला वाचवायला हात घालावा का?

रानवाटा:
व्हर्जिनियातले आपले बरेच जण पानगळीचे रंग बघायला स्कायलाइन ड्राइव्हला जातात. त्याच शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानात हॉक्सबिल, स्टोनी मॅन आणि पिनॅकल्स या तीन डोंगरांवरच्या दगडांच्या राशींत एक बोटभर सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी, राहतो. जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्याला फुप्फुसं नाहीत, श्वास ओल्या कातडीतून. कातडी वाळली की खेळ संपला. १९८९ पासून तो अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. राशींभोवतीची ओलसर माती लालपाठी सॅलमँडरने व्यापलेली, तो याला तिथे पाय रोवू देत नाही. वर चढावं तर डोंगरच संपतो, आणि हवा तापत चालली आहे. माझं मत स्पष्ट आहे: राशींच्या कडेचे लालपाठी उचलून दुसरीकडे न्या आणि याला थोडी ओल मोकळी करून द्या.

ओलमाती:
साफ असहमत. लालपाठी काही बाहेरून आलेला नाही, तोही तिथलाच. आणि तो उचलायचा म्हणजे दगडन् दगड उलटणार ना? या सॅलमँडरांची मादी दगडाखाली, ओंडक्याखाली मूठभर अंड्यांना वेटोळं घालून राखण करते. पाण्यात वाढणारी अवस्थाच नाही, अंड्यातून थेट इवलासा सॅलमँडर बाहेर येतो. ती जागा एकदा उघडी पडली की दगड परत ठेवूनही खालची ओल तशी राहत नाही. वाचवायला जाल आणि वीण मोडून याल.

रानवाटा:
मग नुसतं बघत बसायचं?

ओलमाती:
घाई नको, एवढंच. कोरडेपणा याला लालपाठीपेक्षा जास्त सोसतो. जमीन वाळली तर लालपाठी मागे हटून याला जागा मिळेल, असंही होऊ शकतं.

रानवाटा:
राशीच वाळल्या तर त्या जागेचं काय करायचं? सोसण्यालाही हद्द असते.

देवराई:
दोघंही सॅलमँडरकडेच बघताय, वर बघा. त्या उद्यानातले बहुतेक हेमलॉक आशियातून आलेल्या एका किडीने मारले. झाड गेलं की सावली गेली, सावली गेली की ओल गेली. उरलेल्या हेमलॉकना उद्यान औषध देतं, म्हणजे हस्तक्षेप चालूच आहे. तो झाडांवर वाढवा. दगडांना हात लावायची गरज नाही.

रानवाटा:
झाडांचं पटलं. पण नवी सावली धरायला काही दशकं जातील. तोवर काही जोड्या बंदिस्त पैदाशीसाठी तरी बाहेर काढाव्यात, यावर मी ठाम आहे.