कॉ. बर्धन नागपूरचे कसे झाले, आणि नागपूरनं त्यांना लोकसभेत का पाठवलं नाही?

अजनीवाला
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी कॉ. ए. बी. बर्धन यांच्यावर लिहायला घेतलंय. तारखा मिळाल्या, पण माणूस हाती लागत नाहीये. मूळचे बंगाली, मग आयुष्यभर नागपूरचे म्हणूनच कसे ओळखले गेले? निवडून आले ते एकदाच, 1957 ला विधानसभेवर, तेही अपक्ष. लोकसभेला 1967 आणि 1980 मध्ये इथूनच पडले. तरी 1996 ते 2012 भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस! ज्यांनी त्यांना पाहिलंय, ऐकलंय, त्यांनी कृपया सांगावं.

बर्डीकर
नाव अर्धेंदू भूषण. जन्म सप्टेंबर 1924 चा, आज बांगलादेशात असलेल्या भागातला. पण घडले ते नागपुरातच. 1940 मध्ये पक्षात आले तेव्हा वय पंधरा आणि पक्षावर बंदी! नागपूर विद्यापीठात विद्यार्थी संघाचे अध्यक्ष होते. अर्थशास्त्रात एम. ए. केलं, कायदाही शिकले, आणि वकिली थाटायची सोडून गिरणी, वीज, रेल्वे, संरक्षण कारखाने इथल्या कामगारांत जाऊन बसले. सगळं मिळून चारेक वर्षं तुरुंगात गेली.

1957 ची निवडणूक साधी समजू नका. नोव्हेंबर 1956 मध्ये नागपूरचं मध्य प्रदेशची राजधानी असणं संपलं, आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती, विदर्भात मात्र काँग्रेस घट्ट पाय रोवून होती. त्या वातावरणात हा माणूस आमदार झाला.

मागवाल्याची मुलगी
अजनीवाला, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

माझे बाबा गिरणीत विणकर होते. आमची घरं कोष्ट्यांची, आजोबा हातमागावर बसायचे, बाबा गिरणीत गेले. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. घरी बोलायचे ते ओरडूनच, आणि आमचं बोलणं ओठांवरून ओळखायचे. ते लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनचे सभासद. बर्धनांची गेटवरची सभा असली की पाळी सुटल्यावर बाबा थेट पुढे जाऊन उभे राहायचे, कारण तो आवाज त्यांना ऐकू यायचा. बर्धन मराठीत बोलायचे, अगदी आपल्या मराठीत. माझ्या आईला कित्येक वर्षं ते बंगाली आहेत हे माहीतच नव्हतं.

बाबांची एक डायरी माझ्याजवळ आहे. तिच्यात कविता नाहीत, आठवणी नाहीत. दर महिन्याचा महागाईचा निर्देशांक, त्यापुढे भत्ता किती बसतो त्याचा पेन्सिलीनं केलेला गुणाकार, आणि त्याखाली पगाराच्या चिठ्ठीवरचा आकडा. दोन्ही जुळले की बारीक टिकली. चौथी शिकलेला माणूस. हा हिशेब त्यांना युनियननं शिकवला. बाबा म्हणायचे, "आधी साहेब देईन तेवढं घ्याचो, आता किती द्यायला पाहिजे ते मले मालूम आहे." बर्धन नागपूरचे कसे झाले, तर असे झाले, भाऊ. हजारो घरांत अशी आकडेमोड शिरली.

आता मनाला लागलेली गोष्ट. 1980 ला बर्धन लोकसभेला उभे होते. समोर जांबुवंतराव धोटे, इंदिरा काँग्रेसकडून. वेगळ्या विदर्भासाठी लढणारा, विदर्भाचा वाघ. अख्खा मोहल्ला त्यांच्यामागे, आणि बाबांनीही मत धोटेंनाच दिलं. भत्त्यासाठी, बोनससाठी, कोणाला कामावरून काढलं तर लाल बावटा. मत मात्र विदर्भाला, जातीला, इंदिराबाईंना. आमच्या गल्लीत हे एकट्या बाबांनी नाही केलं. कामगारांनी बर्धनांना आपला वकील मानलं, खासदार मानलं नाही. हे चुकलं असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. तुमच्या लेखात एवढं नक्की लिहा.

बर्डीकर
ताई, हे वाचून थांबलो. एक भर घालतो. ही परंपरा बर्धनांच्याही आधीची. 1929 चं आयटक या अखिल भारतीय कामगार संघटनेचं अधिवेशन नागपूरलाच झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि तिथेच संघटना फुटली. पुढे नागपूरच्या गेटसभांतून वर आलेले बर्धन त्याच आयटकचे सरचिटणीस झाले.

दिल्लीचा काळ बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलाय. इंद्रजित गुप्त 1996 मध्ये देशाचे गृहमंत्री झाले आणि पक्ष बर्धनांकडे आला. 2004 ला पक्षाचे खासदार दहाच, पण डाव्यांच्या पाठिंब्याशिवाय काँग्रेस आघाडीचं सरकार उभं राहत नव्हतं. निर्गुंतवणुकीला, म्हणजे सरकारी कंपन्यांतला हिस्सा विकण्याला त्यांनी उघड विरोध केला, 2008 ला अमेरिकेशी झालेल्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला. आणि राहायला काय, तर अजय भवनात, पक्षाच्याच कार्यालयात एक खोली. पत्नी नागपूर विद्यापीठात प्राध्यापक होत्या, त्या 1986 मध्येच गेल्या होत्या.

अजनीवाला
ताई, खूप आभार. बाबा 1980 बद्दल नंतर कधी बोलले का?

मागवाल्याची मुलगी
एकदाच. 2 जानेवारी 2016 ला बर्धन दिल्लीत गेले. दुसऱ्या दिवशी पेपर आला. बाबा ब्याऐंशीचे. चष्मा लावून पूर्ण बातमी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "ऐंशीत चुकलो मी." मग डायरी मागितली. शेवटची नोंद गिरणी बंद व्हायच्या आधीची होती. त्याखाली त्यांनी आदल्या दिवसाची तारीख घातली आणि नुसतं "बर्धन" लिहिलं. हात कापत होता, त्यामुळे रफार भलतीकडेच गेलाय.

फोटो इथे टाकत नाही, पानं पार मऊ झालीत. रविवारी गोळीबार चौकाकडे या, डायरी काढून ठेवते. हिशेबाची पानं बघून उतरवून घ्या.