माथेरानचा धंदा खरंच मंदावलाय का? रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय

लाल_माती
मदत हवी आहे आणि घाईने हवी आहे. आमच्या खोल्या मुंबईचा एक माणूस ठोक भाड्याने मागतोय, तीन वर्षांसाठी. रविवारी तो परत येणार. सासरे म्हणतात, देऊन टाका, माथेरानात आता काही राहिलं नाही. नवरा म्हणतो, थांबू. दिवाळीत दोन रात्री सोडल्या तर आमच्याकडे शुकशुकाट होता. पण त्याच दिवसांत बाजारात चालायला जागा नव्हती! मग ही माणसं जातात कुठे? धंदा खरंच उतरलाय की आमचंच काही चुकतंय? माहीतगारांनी कृपया सांगा.

कर्जतकर
ताई, किती खोल्या? कुठे? जेवणासकट की नुसती खोली? तो भाडं किती देतोय? यातलं काहीच लिहिलं नाहीत, सांगणार काय?

स्वप्ना_डोंबिवली
मी पर्यटक म्हणून सांगते. मागच्या वर्षी आम्ही सहा जण गेलो, बरोबर माझी आई. दस्तुरीला, म्हणजे जिथून पुढे गावात मोटारी नेता येत नाहीत तिथे, गाडी लावल्या लावल्या चार जणांनी घेरलं. ई-रिक्षा बंद आहे, शटल रेल्वे बंद आहे, आत चिखल आहे, घोडाच करा. पैसे देऊन बसलो आणि पाच मिनिटांवर अमन लॉज स्टेशनात शटल उभी दिसली. आईने त्या दिवशी पुन्हा यायचं नाही असं ठरवलं. धंदा का बसतो ते इथे आहे.

घोडेवाल्याचा_मुलगा
तुमच्याशी वाईट वागले हे मान्य, त्याची लाज आम्हालाही वाटते. पण सगळ्या घोडेवाल्यांना एका माळेत ओवू नका. मार्च २०२५ मध्ये याच फसवणुकीवरून गावाने स्वतःहून बंद पाळला होता. बाजार बंद, हॉटेलं बंद. स्वतःच्या पोटावर पाय देऊन गाव उभं राहिलं, तेही सांगत जा. घोड्याला रोज चारा लागतो, गिऱ्हाईक असो नसो. पावसाळ्यात चार महिने आम्ही कसे काढतो ते कोणी विचारत नाही.

सह्यभटका
उपाय सोपा आहे. सगळ्या बुकिंग ॲपवर खोल्या टाका, चांगले फोटो काढा. आज कोणी फोन करून खोली विचारत नाही. मी स्वतः तसंच बुकिंग करतो.

कर्जतकर
ॲपवाले कमिशन किती कापतात ते खोल्या चालवणाऱ्याला विचारा. आणि ॲपवर टाकून मंगळवारी माणूस येईल का? प्रश्न तो आहे.

नाशिकचा_हिशेबनीस
एक महत्त्वाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वळता करता येत नाही. तुमची नोंदणी असेल तर दरपत्रक बदलून घ्या.

लाल_माती
आमची उलाढाल नोंदणीएवढी नाहीच, पण आभार. कर्जतकर दादा, राहिलेलं सांगते. पाच खोल्या. बाजारापासून चालत दहा मिनिटं, शार्लोट लेककडे जाणाऱ्या वाटेवर. जेवण घरचं, मी आणि सासूबाई करतो. बुकिंग फोनवर, जुनी गिऱ्हाइकं. तो वर्षाला ठरावीक रक्कम देणार. आमचा धंदा बरा जायचा त्या वर्षीच्या कमाईच्या निम्म्याहून थोडी जास्त. स्वयंपाकघरही त्यालाच हवंय.

ठाण्याचे_काका
अहो, धंदा बरा जायचा ते वर्ष कोणतं? २०२२ असेल तर त्याच्याशी तुलना करू नका. लॉकडाऊननंतर माणसं घरात कोंडून विटली होती, परदेश धड सुरू नव्हता, सगळी मुंबई माथेरान-लोणावळ्याला धावली. ती लाट होती. मी २०१९च्या आधीपासून दर वर्षी येतो. २०१९च्या पावसात नेरळहून येणारी छोटी रेल्वेगाडी बंद पडली ती ऑक्टोबर २०२२ला पुन्हा सुरू झाली. तेवढी वर्षं वर यायचं तर स्वतःच्या मोटारीने किंवा टॅक्सीने दस्तुरी. १९०७ साली मुंबईच्या पीरभॉय या उद्योगपती घराण्याने ती रेल्वे आणली. २१ किलोमीटरला दोन तासांहून जास्त लागतात, म्हणून माणूस वर आला की तीन-चार दिवस बूड टेकायचा. बरोबर ट्रंक, हमाल, पत्ते, कॅरम. आता सकाळी पनवेलहून निघालेलं कुटुंब पॉइंट बघून, चिक्की घेऊन दिवेलागणीला घरी असतं. बाजारात गर्दी दिसते ती हीच.

स्वप्ना_डोंबिवली
काका, गाडी सुरू होऊनही आता काही वर्षं झाली. खोल्या का भरत नाहीत मग?

ठाण्याचे_काका
गाडीच्या फेऱ्या मोजक्या, तिकीट मिळत नाही. शिवाय जून ते ऑक्टोबरमध्ये नेरळ ते अमन लॉज बंदच असते.

अलिबागची_मीरा
मी पलीकडची बाजू सांगते. २०२०ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे मोटारीही नेणारी बोट, सुरू झाली, २०२४च्या जानेवारीत अटल सेतू आला. आमच्याकडे आता वीकेंडला रस्ता जाम. पोहण्याचा तलाव असलेला बंगला घेऊन दहा-बारा जण एकत्र उतरतात. तेच लोक पूर्वी तुमच्याकडे दोन खोल्या घ्यायचे. पण सोमवार ते गुरुवार आमच्याही गेटला कुलूप असतं. हे दुखणं एकट्या माथेरानचं नाही.

घोडेवाल्याचा_मुलगा
खरं कारण ई-रिक्षा. डिसेंबर २०२२ला चाचणी म्हणून आली आणि दस्तुरी ते बाजार आमचं भाडं गेलं. माणूस पटकन येतो, पटकन जातो.

कर्जतकर
ई-रिक्षा आली म्हणून माझी ७८ वर्षांची आत्या १५ वर्षांनी माथेरान बघू शकली. हातरिक्षा ओढणाऱ्याची छाती फुटायची त्या चढावर. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२५मध्ये सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा म्हटलं ते योग्यच होतं.

घोडेवाल्याचा_मुलगा
हातरिक्षा बंद व्हायलाच हवी, मी त्याबद्दल बोललोच नाही. मात्र ई-रिक्षा चालवायला त्याच ओढणाऱ्यांना मिळाली पाहिजे. आमच्या घोड्यांचं काय करायचं तेही कोणीतरी सांगा.

नवी_आई_पुणे
विषय थोडा वेगळा आहे, पण सासूबाईंना पावसाळ्यात माथेरान दाखवायचंय. त्यांना चालवत नाही. जमेल का?

ठाण्याचे_काका
जमेल. दस्तुरीपर्यंत गाडी, तिथून अमन लॉज स्टेशन जवळ आहे. अमन लॉज-माथेरान शटल पावसातही चालते. वेळा आधी बघून निघा. लाल मातीत पाय घसरतो, चांगल्या पकडीच्या चपला घाला.

कर्जतकर
लाल_माती ताई, तुमच्याकडे नोंदवही असेलच. गर्दी, मंदी हे सोडा. त्यात किती नावं आली आणि प्रत्येक नाव किती रात्री राहिलं, हे दोन आकडे काढा. नावं कमी झाली असतील तर धंदा उतरला. रात्री कमी झाल्या असतील तर गोष्ट वेगळी.

लाल_माती
काल रात्री सासऱ्यांच्या वह्या काढून बसले. ते प्रत्येक नावापुढे शेवटच्या रकान्यात रात्रींचा आकडा लिहितात. २०१८च्या मे महिन्यात त्या रकान्यात ३, ३, ४, २, ५, ३. एका बोरिवलीच्या कुटुंबापुढे ७ आहे, शेजारी "मुलगा आजारी, पेज दिली" असं लिहिलंय. या वर्षीच्या मे महिन्यात वरपासून खालपर्यंत १, १, १, १, २, १. नावं मोजली तर २०१८ला ४१, या वर्षी ४४. म्हणजे माणसं कमी झालेली नाहीत. मी त्या रकान्यावर बोट ठेवून सासऱ्यांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पूर्वी माणूस जाताना मला पत्ता देऊन जायचा.

अलिबागची_मीरा
वाचून पोटात तुटलं. एका रात्रीच्या गिऱ्हाइकाला चादर तीच धुवावी लागते, खोली तेवढीच झाडावी लागते. खर्च सगळा, कमाई एका रात्रीची. तुमचा बरकतीचा भाग जेवणात आहे. एका दिवसासाठी येणाऱ्यालाही दुपारी जेवायचं असतंच. स्वयंपाकघर त्या माणसाच्या हातात देऊ नका.

सह्यभटका
जेवणाचेही फोटो ॲपवर टाकता येतात.

नाशिकचा_हिशेबनीस
सगळ्यात आधी विचारायला हवं होतं ते कोणीच विचारलं नाही. जागा मालकीची आहे का? माथेरानात बरेच प्लॉट सरकारी भाडेपट्ट्याचे आहेत. तसं असेल तर पोटभाड्याने देता येतं का आणि परवानगी कोणाची लागते, ते पट्ट्याच्या कागदातच लिहिलेलं असतं. ते न बघता तीन वर्षांचा करार केलात तर भाडं राहील बाजूला आणि पट्टा अडचणीत येईल.

लाल_माती
पट्ट्याचीच आहे. आजेसासऱ्यांच्या नावावर होता, मग सासऱ्यांच्या. हे मी लिहिलंच नाही, आम्हाला त्यात विशेष वाटत नाही कधी. कागद बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, नेरळला.

कर्जतकर
मग आधी लॉकर. अटी वाचा आणि कामाच्या दिवशी माथेरानच्या अधीक्षक कार्यालयात विचारून या. रविवारी त्या माणसाला सांगा, कागद बघितल्याशिवाय बोलणं नाही. घाई त्याची आहे, तुमची नाही.

लाल_माती
नवरा सकाळच्या शटलने खाली जातोय. सासूबाईंनी परवापासून दुपारचं ताट वेगळं द्यायचं ठरवलंय, पिठलं-भाकरी आणि झुणका, राहणाऱ्याला न राहणाऱ्याला सगळ्यांना. वाटेवर पाटी लावायची आहे. शार्लोट लेककडे जाणारी माणसं साधारण किती वाजता भुकेली होतात, हे कोणी नियमित जाणारं सांगू शकेल का?

ठाण्याचे_काका
साडेबाराला. पण पाटी जाताना दिसेल अशी लावा, तेव्हाच परतताना जेवायचं ठरतं. आणि ताक ठेवा.