विषय: टर्बो गाडीचे प्लग आणि गॅप

रीमॅपनंतर (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवल्यावर) घाटात चौथ्या गिअरला गाडी झटके देते, असं तुम्ही लिहिलंय. कॉइल (प्लगला व्होल्टेज पुरवणारा भाग) बदलण्याआधी स्पार्क प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती दोन टोकांमधली फट, मोजा. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाटलेल्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. मी 0.8 मिमीचा गॅप 0.7 वर आणला, झटके थांबले.

प्लग इरिडियमचा (मधलं टोक या कठीण धातूचं) असेल तर मात्र फार जपा. मधलं टोक जेमतेम 0.6 मिमी, पेनपेन्सिलच्या शिशाएवढं! गॅप मोजायचं नाण्यासारखं गोल गेज फटीत दामटलं की ते टोक तुटलंच. तारेचं गेज घ्या आणि फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड अलगद हलवा.

थंड प्लग म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकणारा. एनजीके कंपनीच्या प्लगवर उष्णता-श्रेणीचा आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं. साध्या रीमॅपला एक पायरी थंड पुरे.