प्रमाणपत्र मिळालं, विदा (डेटा) जिथल्या तिथे

रिकामा_रकाना
कालच्या धाग्यावर कुणीतरी ठासून लिहिलंय: 'विद्यापीठांतल्या संगणन कार्यशाळा बंद करा. ज्याला गरज आहे तो व्हिडिओ बघून शिकतो, बाकीच्यांना एक्सेल पुरतं.' उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

कार्यशाळा फसतात हे मान्य, पण कारण वेगळंच आहे. पहिल्या दिवसाची सकाळ इन्स्टॉलेशन खातं. कुणाकडे ॲडमिन अधिकार नाहीत, कुणाकडे पायथनच्या तीन आवृत्त्या आणि चालते नेमकी भलतीच. मग व्हेरिएबल, लूप, फंक्शन. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम मशीन लर्निंग, आणि उदाहरणाला तोच आयरिस, फुलांच्या मोजमापांचा सरावाचा तक्ता: १५० ओळी, ४ मोजमापं, एकही जागा रिकामी नाही. नंतर माणूस स्वतःची फाइल उघडतो. तारखा तीन तऱ्हांच्या, एकाच रकान्यात 'पु', 'पुरुष' आणि 'पुरुष'पुढे एक स्पेस, आणि नोंद नाही तिथे -९९९. सरासरी तापमान शून्याखाली जातं. तिथे आयरिस काय कामाचा?

दोन दिवसांत एवढंच शिकवा: कच्ची फाइल रीड-ओन्ली करा. स्क्रिप्टने, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांनी, वाचा. प्रत्येक रकान्याचा प्रकार, किमान-कमाल आणि रिकाम्या जागा तपासा. साफ केलेली फाइल वेगळ्या फोल्डरात. आलेख शेवटी. मशीन लर्निंग नाहीच.

शून्याने_भागाकार
'कुणीतरी' काय, नाव घ्या की! ती पोस्ट माझी.

तुम्ही सांगितलेली निम्मी साफसफाई एक्सेलचं पिव्होट टेबल, म्हणजे नोंदी गटागटाने मोजणारा तक्ता, दहा सेकंदांत दाखवतं. 'पु' आणि 'पुरुष' वेगळे मोजलेले समोर दिसतात. स्क्रिप्टवाले विदा बघतच नाहीत, ही खरी खोड. दोन टेबलं सामाईक क्रमांकावरून जोडायची (मर्ज), लाल अक्षरांत काही आलं नाही की झालं. डावीकडे एका क्रमांकाच्या ३ ओळी, उजवीकडे २, तर निकालात ६. पांडाज, म्हणजे पायथनमधलं तक्ते हाताळायचं पॅकेज, तर रिकामा क्रमांक रिकाम्या क्रमांकाशी जुळवतं. डावीकडे ४० रिकामे, उजवीकडे ५०, झाल्या २००० बोगस ओळी तयार. एररचं नाव नाही.

जोडाक्षर
त्यावर उपाय एका शब्दाचा आहे. मर्ज करताना पांडाजच्या व्हॅलिडेट या पर्यायाला 'वन टू वन' सांगा, जुळणी दुहेरी निघाली की तिथेच थांबतं. रिकामे क्रमांक आधी गाळा. आधीची आणि नंतरची ओळसंख्या छापा. एक्सेलात असा पहारा कुठे बसवता?

आणि एक्सेल न विचारता विदा बदलतं त्याचं काय? 'मार्च१', 'सेप्ट२' ही जनुकांची नावं तारखा व्हायची. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. १६ अंकी क्रमांक टाका, शेवटचा अंक शून्य होतो, कारण १५ अंकांपलीकडे ते जपतच नाही. आकड्याच्या सुरुवातीचं शून्यही गायब.

शून्याने_भागाकार
डबल-क्लिक करून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर-फाइल) उघडणाऱ्याला हेच मिळणार. डेटा टॅबमधून इम्पोर्ट करा, रकान्याला 'टेक्स्ट' सांगा, काही बदलत नाही. २०२३ पासून आपोआप रूपांतर बंद करायची सोयही आहे. सुरी कापते म्हणून सुरीला शिव्या!

जोडाक्षर
सुरी नाही हो, न सांगता कापणारी सुरी! इंग्लंडात २०२० मध्ये करोनाच्या १५,८४१ नोंदी वेळेवर पोचल्या नाहीत, कारण सीएसव्ही एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात ओतल्या जात होत्या. तिथे ६५,५३६ ओळींची मर्यादा. बाकीचं निमूट सांडलं.

शून्याने_भागाकार
नव्या साच्यात १०,४८,५७६ ओळी मावतात. जुना साचा निवडणारा माणूस होता. राइनहार्ट-रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरच्या निबंधातल्या एक्सेल-चुकीचं उदाहरण येणारच आहे, म्हणून आधीच सांगतो. ती चूक २०१३ मध्ये सापडली ती मूळ स्प्रेडशीट हातात आली म्हणून. सेलवर क्लिक केलं, सूत्र दिसलं, पाच देश सुटलेले दिसले.

उभा_अक्ष
त्या प्रकरणातलं महत्त्वाचं दोघेही सोडताय. एक्सेलच्या चुकीचा वाटा लहान होता. मोठा फरक पडला तो वगळलेल्या वर्षांनी आणि भारांकनाने, म्हणजे सरासरीत कुणाला किती वजन दिलं त्याने. म्हणजे निर्णय सांख्यिकीचा! तो कुठल्या कार्यशाळेत शिकवतात? दोन गटांच्या सरासरी ताडणाऱ्या टी-टेस्टची आज्ञा शिकवतात, पण एकाच उंदराची पाच मोजमापं म्हणजे पाच उंदीर नव्हेत, हे नाही. पी-मूल्य (फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे जोखणारा आकडा) सुंदर येतं आणि खोटं असतं.

रांगेतला_जॉब
तुमचं एक्सेलपुराण चालू द्या. कार्यशाळा झाली की मार आम्ही खातो, क्लस्टरवाले, म्हणजे अनेक संगणक (नोड) जोडलेली सामाईक यंत्रणा सांभाळणारे. दुसऱ्या दिवशी सगळे लॉगिन नोडवरच, म्हणजे फक्त आत शिरायच्या सामाईक संगणकावरच, स्क्रिप्ट चालवतात. रांगेत टाकलीच, तर एका कोअरवर (प्रोसेसरच्या एका गाभ्यावर) चालणाऱ्या आर भाषेतल्या स्क्रिप्टला ३२ कोअर मागतात. ३१ रिकामे बसतात, वेग तोच. मल्टिप्रोसेसिंगवाले, म्हणजे काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारे, त्याहून थोर: पायथनचं सीपीयू-काउंट अख्ख्या नोडचे कोअर सांगतं, तुम्हाला मिळालेले नव्हे. आकडा बरोबर धरला तरी: १६ कोअर मिळाले, १६ प्रोसेस, प्रत्येकात नमपाय या गणिती पॅकेजचे १६ थ्रेड (समांतर धागे). २५६ थ्रेड १६ कोअरांवर हाणामारी करतात, आणि जॉब लॅपटॉपपेक्षा हळू. थ्रेडांची संख्या ठरवणारं ओएमपी-नम-थ्रेड्स हे सेटिंग १ करा, हे एक वाक्य शिकवा हो कुणीतरी.

४० मिनिटांच्या कामाला ७ दिवस मागू नका. लहान मुदतीचे जॉब रांगेतल्या फटीत बसतात, तुमचा बसत नाही. आधी छोट्या नमुन्यावर चालवा, सॅक्ट या आज्ञेत मॅक्स-आरएसएस (जास्तीत जास्त किती मेमरी लागली) बघा, त्याच्या सव्वापट मेमरी मागा. स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली असेल तर डॉस-टू-युनिक्सने ओळींची शेवटची अदृश्य चिन्हं बदलून घ्या, नाहीतर एसबॅच, म्हणजे रांगेत टाकायची आज्ञा, त्या चिन्हांवरूनच ती परत पाठवतं.

रिकामा_रकाना
धागा कार्यशाळांचा होता याची आठवण करून देतो.

शून्याने_भागाकार
तुम्हीच माझी पोस्ट धरून काढलात, आता सोसा. बरं, एवढं देतो: कच्ची फाइल रीड-ओन्ली हवी. एक्सेल चुकून 'सेव्ह' झालं की मूळ गेलं, हे खरं. पण म्हणून सगळ्यांना पायथन?

जोडाक्षर
हे 'देतो' म्हणणं थोर आहे. सरदारांनी वतन दिल्यासारखं.

पायथनच हवं असं कुणी म्हटलंय? आर चालेल. मुद्दा इतकाच की काय केलं ते लिहिलेलं राहावं. पिव्होटच्या आधी तुम्ही हाताने कुठले सेल बदललेत, ते सहा महिन्यांनी तुम्हाला तरी सांगता येईल का?

शून्याने_भागाकार
एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरीत साफसफाईची प्रत्येक पायरी नोंदली जाते.

जोडाक्षर
जाते. मग ती वापरणाऱ्याला स्क्रिप्टवालाच म्हणा आणि भांडण मिटवा.

उभा_अक्ष
भांडण मिटलं तरी उंदीर एकच.

रिकामा_रकाना
ठीक. पहिला अर्धा दिवस साफसफाई, हत्यार कुठलंही. नंतर मर्ज आणि ओळींची मोजणी. उंदरांसाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ. इन्स्टॉलेशन आठवडाभर आधी, नाहीतर काही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्येच कोड चालवायची नोटबुक.

रांगेतला_जॉब
आणि लॉगिन नोड?