मदत हवी आहे: सोळा फुटी शिडाच्या होडीला घरी बनवलेलं स्वयंचलित सुकाणू

खाडीपाखरू:
नमस्कार मंडळी. माझी सोळा फुटी होडी आहे, मरीन प्लायची, वरून फायबर मारलेलं. एक मोठं शीड आणि पुढे जिब, म्हणजे छोटं तिकोनी शीड. सुकाणू मागच्या फळीवर बाहेरून टांगलेलं. नवी मुंबईच्या सारसोळे जेट्टीवरून भरती बघून निघतो, अटल सेतूखालून घारापुरीच्या बाजूला जातो आणि पुढच्या भरतीला परत येतो, कारण ओहोटीला जेट्टीपाशी निव्वळ चिखल.

पूर्वी मेव्हणा सोबत असायचा. त्याची पुण्याला बदली झाली तेव्हापासून एकटा जातो आणि टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) क्षणभरही सोडता येत नाही. पाण्याची बाटली उघडायची तर दांडा काखेत दाबायचा. गेल्या महिन्यात जिबची शीट, म्हणजे शीड ओढून धरायची दोरी, कप्पीत अडकली. ती सोडवायला पुढे गेलो तोवर होडी गर्रकन वाऱ्याकडे वळली, शीड फडफडायला लागलं आणि समोर मासेमारीच्या डोल जाळ्याचे खुंटे! हात-दोन हातांवरून वाचलो. मला तास-तासभर झोपायचं नाहीये, फक्त पाच-दहा मिनिटं दोन्ही हात मोकळे हवेत.

इलेक्ट्रॉनिक टिलर पायलट परवडत नाही, आणि होडीवरची छोटी बॅटरी दिव्यापुरतीच आहे. म्हणून वाऱ्यावर चालणारा पंखा बनवला. ३ मिलिमीटर प्लायचं पातं, ६० सेंटीमीटर उंच, २५ रुंद, उभ्या पाइपवर फिरणारं. तोल साधायला जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं. पात्यापासून दोन दोऱ्या थेट टिलरला. पातं सुंदर फिरतं, पण टिलर तसूभरही हलत नाही. ताणकाटा लावून मोजलं तर बऱ्यापैकी वाऱ्यात टिलरच्या टोकाला ३ किलो ओढ भरली. त्यात आतलं बेअरिंग तीन आठवड्यांत गंजून जाम झालं.

आता पुढे काय करू? सुकाणूच्या मागच्या कडेला ट्रिम टॅब, म्हणजे छोटी फिरती पट्टी, लावू, की पाण्यात झुलणाऱ्या पात्याचं सर्व्हो पेंड्युलम करू? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

करंजा_सुतार:
खाडीपाखरू, यंत्राचं नंतर बघू. आधी त्या ३ किलोंचं बघा. एवढी ओढ म्हणजे तुमची होडी सतत वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघतेय, आणि अशा होडीला कुठलंही घरगुती यंत्र आवरणार नाही.

सुहैली या शिडाच्या होडीचं उदाहरण घ्या. आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानाची. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये तिच्यावर एकट्यानं, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून ३१२ दिवसांनी परतले. त्यांचं स्वयंचलित सुकाणू ऑस्ट्रेलियाच्या आसपास कामातून गेलं. पुढचा प्रचंड पल्ला त्यांनी शिडांचा तोल साधून आणि टिलर बांधून काढला. होडी मुळात सरळ चालणारी होती म्हणूनच ते जमलं.

तुमची डोलकाठी मागे किती कललीय? वरच्या टोकापासून ओळंबा सोडून बघा. कलली असेल तर मागचा ताण (डोलकाठी धरणारी तार) सैल करून पुढचा आवळा. वारा चढला की मोठं शीड वेळेवर आखडा, जिब तसंच ठेवा. आणि स्वतः थोडं मागे सरकून बसा. सोळा फुटी होडीत माणसाचं वजन फार बोलतं. टिलर दोन बोटांनी धरता आला पाहिजे. तिथपर्यंत आलात की पुढचं सांगतो.

बेअरिंग स्टीलचं घालूच नका. नायलॉनचा बुश लेथवर कातून घ्या, तुर्भ्याला एमआयडीसीत कुणीही करून देईल. दांडा ३१६ स्टेनलेसचा. तो ॲल्युमिनियमच्या पाइपात बसवणार असाल तर मध्ये प्लास्टिक हवंच, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजतं.

मीठबंदर:
सुतारदादांशी सहमत. पंखा का हरला तेही सांगतो. १० नॉट (ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर) वाऱ्यात होडी दहा अंश भरकटली तर तुमच्या पात्यावर जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जोर येतो, तोही उभ्या आसापासून चार बोटांवर. तो ३ किलोंना कसा पुरणार? पातं आडव्या आसावर, आस पंधरा-वीस अंश कलता ठेवून बसवलंत तर तरफ वाढेल, तरीही थेट टिलर फिरवण्याएवढी नाही.

म्हणूनच सर्व्हो पेंड्युलम निघालं. त्यात वारा फक्त पाण्यातल्या पात्याला किंचित पिळतो आणि खरी ताकद वाहत्या पाण्याची असते. पण पाण्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ४ नॉटला जेवढा मिळेल त्याच्या चौथा हिस्सा २ नॉटला. खाडीतल्या मंद वाऱ्यात तुमची होडी २-३ नॉटच्या पुढे कितीदा जाते? ट्रिम टॅबचंही हेच. तुमच्या टांगत्या सुकाणूला तो बसेल छान, पण जोडकाम नीट नसेल तर होडी सापासारखी चालते.

माझं मत, शिडाचीच ताकद वापरा. मी दोन हंगाम हेच वापरतोय. मोठ्या शिडाच्या शीटला एक बारीक दोरी घसरत्या गाठीनं बांधा. ती वाऱ्याकडच्या काठावरच्या कप्पीतून टिलरला आणा. उलट बाजूनं टिलरला लॅटेक्सची नळी. वाऱ्याचा झोत आला की होडी वाऱ्याकडे वळू बघते, त्याच वेळी शीटवरचा ताण वाढतो, दोरी टिलरला वाऱ्याकडे ओढते आणि नाळ (होडीचं पुढचं टोक) परत वाऱ्यापासून दूर येते. झोत सरला की नळी टिलर जागेवर आणते.

नळीवर सगळं अवलंबून आहे. बाइकवर सामान बांधायचं इलॅस्टिक चालत नाही, ते थोडं ताणलं की लगेच कडक होतं. बेचकीला लावतात तसलं मऊ, लांब ताणलं जाणारं रबर हवं. सर्जिकल दुकानात मीटरवर मिळतं. उन्हात लवकर चिरतं, म्हणून काम झालं की डब्यात ठेवा.

सारसोळ्याची_लेक:
दादा, माझे बाबा तांडेल (मासेमारी होडीचे प्रमुख). त्यांना धागा वाचून दाखवला, त्यांनी दोन गोष्टी लिहायला सांगितल्या.

एक, पंखा काय न् शीट काय, होडी वाऱ्याशी कोन धरते, दिशा नाही. सकाळचा मतलई सरून दुपारी खारा वारा सुटतो तेव्हा वारा पुरता फिरतो, आणि होडी गुपचूप त्याच्याबरोबर फिरते. वर उधाणाचा ओढा तिला आडवी नेतोच. मान खाली घालून काम करत बसाल तर जाळ्यात किंवा मोठ्या जहाजाच्या वाटेत असाल.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. आज तुम्ही पाण्यात पडलात तर टिलर सुटतो आणि होडी वाऱ्याकडे वळून थांबते. हे बसवल्यावर ती थांबणार नाही, तुम्हाला टाकून निघून जाईल. अंगाला पट्टा आणि होडीला बांधलेली आखूड दोरी, त्याशिवाय टिलर सोडायचा नाही. मागे एक तरंगती दोरीही सोडा, ओढली की टिलरची गाठ निसटेल अशी. बाबा म्हणाले, हे केल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नकोस.

खाडीपाखरू:
ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. पट्टा घेतला, मागची दोरीही लावली. जेट्टीजवळ तीनदा ओढून पाहिली, तिन्ही वेळा गाठ सुटली.

ओळंबा सोडला तर डोलकाठी टोकाला वीतभर मागे होती. अर्धी वीत पुढे घेतली, एक रीफ घेतला, म्हणजे मोठं शीड थोडं आखडलं. ओढ ३ किलोवरून १ किलो २०० ग्रॅमवर आली. काल नळी लावून गेलो. दोन पदरी नळी ढिली पडली, तीन पदरी केल्यावर जमलं. परतीला वायव्येचा वारा डावीकडून, थोडा पुढून येत होता. टिलर सोडला आणि बघत राहिलो. दांडा आपोआप बोटभर इकडे, बोटभर तिकडे. घड्याळ लावून चौदा मिनिटं! जिबची शीट नीट गुंडाळली, चहा प्यायलो, सगळीकडे नजर ठेवली. फार आनंद झाला.

पण जाताना तोच वारा उजवीकडून, मागच्या अंगानं येतो, तेव्हा दोन मिनिटांत सगळं बिघडतं. शीटचा ताण बदलतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याला काय करावं?

मीठबंदर:
वारा मागून असला की मोठ्या शिडाच्या शीटचा नाद सोडा. एक छोटं, जाड कापडाचं जिब पुढे चढवा, त्याची शीट वाऱ्याकडच्या बाजूला ओढून सपाट धरा आणि तिथूनच कप्पीतून टिलरला न्या. नळी पूर्वीसारखीच. होडी वाऱ्याकडे वळली की ते जिब जास्त भरतं आणि टिलर वाऱ्याकडे ओढतं. उलटी भरकटली की ढिलं पडतं, मग नळी काम करते. वेग थोडा मरतो.

खाडीपाखरू:
जुनं फाटकं जिब घरी पडून आहे, त्यातूनच कापून शिवतो. होडी पावसाळ्यासाठी वर काढायच्या आधी दोन उधाणं मिळतील, त्यात वारा मागून घेऊन किती मिनिटं टिकतं ते इथेच लिहितो.