आवडता पियानो किंवा की-बोर्ड वादक, आणि त्याची एक जागा

गांधार (धागाकर्ती)

गाणं आवडलं की आपण गायकाचं नाव विचारतो, मग संगीतकाराचं, फार तर गीतकाराचं. पियानो कोणी वाजवलाय हे विचारायचं राहूनच जातं. या धाग्यावर तेवढंच विचारायचंय. सिनेसंगीत, भावगीत, रॉक, पॉप, काहीही चालेल. तुमचा आवडता वादक कोण आणि त्याची कुठली जागा तुम्ही पुन्हा पुन्हा मागे जाऊन ऐकता? लांबलचक याद्या नकोत. एकच वादक घ्या, पण सविस्तर लिहा.

माझा वादक रे मॅन्झारेक, 'द डोअर्स' या अमेरिकन रॉक बँडचा. मी पेटी शिकत मोठी झाले. पेटीवर डावा हात भाता मारतो आणि सूर सगळे उजव्या हाताच्या वाट्याला येतात. त्यामुळे डोअर्सकडे स्टेजवर बास गिटार वाजवणारा कोणी नव्हताच, ते काम मॅन्झारेकचा डावा हात करायचा, हे कळल्यावर मी त्यांची गाणी नव्याने ऐकायला बसले. समोर व्हॉक्स कॉन्टिनेंटल ऑर्गन आणि त्याच्या डोक्यावर ठेवलेला छोटासा फेंडर ऱ्होड्स पियानो बास. डावा हात बासवर, उजवा ऑर्गनवर. 'लाइट माय फायर' (१९६७) ऐकायचं तर सात मिनिटांच्या आसपासचं लांब रूपच ऐका. रेडिओसाठी कापलेल्या रूपात नेमकी हीच जागा उडवली आहे. ऑर्गनच्या सोलोत ए मायनर आणि बी मायनर, एवढेच दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आलटूनपालटून येत राहतात. रेकॉर्डवर बास गिटारही भरलेली आहे, पण मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत सगळी भिस्त त्या एका हातावर. डावा हात जराही न हलता तेच आवर्तन फिरवतोय आणि उजवा वाट्टेल तिकडे भटकून बरोबर परत येतोय. एकाच माणसाने लेहराही (तबल्यासाठी फिरत राहणारी धून) धरावा आणि तबला सोलोही वाजवावा, तसं आहे हे.

आता तुम्ही लिहा.

काळी_दोन

माझं मत कल्याणजींना. हो, कल्याणजी-आनंदजींमधले कल्याणजी. 'नागिन'मधली (१९५४) बीन त्यांनी क्लॅव्हायोलिनवर वाजवली होती. चित्रपटाचं संगीत हेमंतकुमारांचं, आणि त्या बिनेला हार्मोनियमची साथ होती ती रवी यांची, जे पुढे स्वतः मोठे संगीतकार झाले. क्लॅव्हायोलिन म्हणजे जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हवर चालणारा छोटा की-बोर्ड. त्यातून एका वेळी एकच सूर निघतो आणि आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायची दांडी असते. हे तांत्रिक वाटेल, पण 'मन डोले मेरा तन डोले'ची सुरुवात ऐकताना लक्ष तिकडे द्या. सूर फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. खरी बीन वाजवणारा गालात हवा भरून जे करतो, ते इथे वाद्यातून काढलंय.

आमच्याकडे आजही वरातीत बँडवाल्याने ती धून घेतली की कोणीतरी रुमाल दातात धरून जमिनीवर लोळतोच. त्या नागीण डान्सचा उगम मुंबईतल्या एका स्टुडिओत, एका की-बोर्डवर आहे, हे मी दर लग्नात कोणा ना कोणाला सांगते.

दादर_फास्ट

केरसी लॉर्ड. ॲकॉर्डियन इथे चालणार असेल तर 'रूप तेरा मस्ताना' (१९६९). शेवटी तोही पट्ट्यांचाच. 'मैं ज़िंदगी का साथ निभाता चला गया'मधली (१९६१) ती किणकिण, ग्लोकेनश्पीलची (धातूच्या पट्ट्यांवर काठीने वाजवायचं वाद्य), तीही त्यांचीच. पुढे मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये सिंथेसायझर आणणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते. वडील कावस लॉर्ड आणि भाऊ बुर्जोर, दोघेही तालवाद्यांतले मातब्बर. २०१६ मध्ये केरसी गेले तेव्हा त्यांची ओळख लिहायला गाण्यांची नावं द्यावी लागली, कारण माणसाचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. याची मला मनापासून खंत वाटते.

मिरजेचा_मुक्काम

काळी_दोन ताई, तुमच्या कल्याणजींनंतर त्यांच्या मुलाबद्दल लिहायलाच हवं. विजू शाह. मी आमच्या भागातल्या ऑर्केस्ट्रात की-बोर्डला बसायचो. 'मोहरा' (१९९४) आला आणि आमची झोप उडाली. तोपर्यंत की-बोर्डवाला म्हणजे व्हायोलिनची भरपाई. विजूभाईंच्या गाण्यांत सिंथेसायझर दुसऱ्या कोणाच्या जागी बसलेला नाही, तो सिंथेसायझर म्हणूनच मिरवतो. 'तू चीज़ बड़ी है मस्त मस्त'मधले टोन आमच्या की-बोर्डमधून काढायला रात्री जागवल्यात.

बाहेरच्याला दिसत नाही म्हणून सांगतो. ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, बासरी, सतार, शहनाई सगळं एकाच माणसाकडे असतं. की-बोर्ड मधोमध स्प्लिट करायचा, डावीकडे स्ट्रिंग्ज, उजवीकडे बासरी. अंतरा सुरू झाला की टोन बदलायचा, पीस संपायच्या आत परत यायचं. सतारीचा पीस आला की डावा हात पट्ट्या सोडून शेजारच्या पिच बेंडच्या, म्हणजे सूर वर-खाली वाकवायच्या चाकावर जातो, कारण मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तिथे आहे. चाक सावकाश सोडलं तर मींड, झटक्यात सोडलं तर बेसूर. त्यात गायिका कानात सांगते, "दादा, आज अर्धा सूर खाली." मग ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळी पट्टी वर-खाली सरकवायचं बटण. बोटं त्याच पट्ट्यांवर आणि कानात भलताच सूर, हे सवयीचं होईपर्यंत डोकं भणभणतं.

गांधार (धागाकर्ती)

@मिरजेचा_मुक्काम, हे फार मोलाचं लिहिलंत. एक विचारते, मींड चाकावर घेताना किती सुरांपर्यंत जाता?

मिरजेचा_मुक्काम

सहसा दोन सेमीटोन, म्हणजे सा पासून शुद्ध रे. बेंडची रेंज वाढवता येते, पण मग चाक जरासं हललं तरी सूर लांब पळतो. ज्यांना जमतं ते जास्तही घेतात. माझ्या हाताला दोनच बरे.

नाशिकची_आई

सत्यजित प्रभू. झी मराठीवरच्या 'सारेगमप'च्या दिवसांत, विशेषतः लिटल चॅम्प्सच्या वेळी, घरातले सगळे मुलांकडे बघायचे आणि मी वादकांकडे. कमलेश भडकमकरांचं संयोजन, अमर ओकांची बासरी, नीलेश परबांची ढोलकी, आणि प्रभूंचा की-बोर्ड. लहान मूल ओळ संपवून श्वास घेतं, तेवढ्या फटीत दोन-चार सुरांचा भराव यायचा आणि पुढच्या ओळीचा सूर हातात ठेवून जायचा. मुलाला तो धरून उचलायचं एवढंच काम उरे. माझी लेक पेटी शिकते. तिला मी हेच भराव ऐकायला लावते.

सह्याद्री_उतार

बिली प्रेस्टन. ३० जानेवारी १९६९ ला बीटल्स लंडनमध्ये गच्चीवर वाजवत होते तेव्हा इलेक्ट्रिक पियानोवर हाच. 'गेट बॅक'च्या रेकॉर्डवर बीटल्ससोबत त्याचं नाव छापलंय. त्यातला सोलो ऐका, एकही सूर जास्तीचा नाही.

टेबललँड

पाचगणीचे आम्ही, त्यामुळे 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. जन्म झांझिबारचा, फारुख बुल्सारा, आणि शाळा आमच्या गावातली सेंट पीटर्स. पियानोचे धडे तिथले, पहिला बँड 'द हेक्टिक्स' तिथला. त्याच्या गळ्याबद्दल जग बोलतं. मला त्याचे हात आवडतात. 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'चा (१९७५) पियानो त्याचाच. १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीचं चित्रण बघा. वेम्बली स्टेडियम खचाखच भरलंय, आणि हा येऊन आधी पियानोला बसतो. त्या सुरुवातीच्या भागात डावा हात उजव्यावरून पलीकडे जाऊन वरचे सूर टिपून परत येतो. तेच सूर उजव्या हातानेही घेता आले असते का? कदाचित. पण मग खालचा प्रवाह तुटला असता, असं माझ्या पियानो शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं.

मध्यम_दोन्ही

आम्सटरडॅमहून लिहितोय. चरणजित सिंग. मुंबईच्या सिनेस्टुडिओंत वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. रोलंडचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बासयंत्र. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये इथल्याच एका डच कंपनीने ती पुन्हा काढली आणि युरोपभर क्लबवाले चक्रावले, कारण असा आवाज शिकागोच्या ॲसिड हाउस या क्लबमधल्या नृत्यसंगीतातून पुढे काही वर्षांनी येणार होता.

टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. यंत्र बनवलं होतं बास गिटारवाल्याला पर्याय म्हणून. चरणजितजींच्या हातात ती घसरण मींडेच्या कामी आली. माझी जागा ललत रागातली. ठेका टक टक चालूच आहे, आणि वर दोन्ही मध्यम एकापाठोपाठ येतात. मी इथल्या मित्रांना हेडफोन देऊन तेवढंच ऐकवतो, आणि मग मूळ ललत ऐकायला पंडित भीमसेन जोशी लावतो. दोन्ही ऐकून झालं की ते पुन्हा चरणजितजींकडे वळतात, आणि या वेळी त्यांना दोन्ही मध्यम ओळखू येतात.