मदत हवी आहे: वांगणीजवळ छोटं आरोग्यनिवास, भर पावसाळ्यात चालेल असा आराखडा कसा करावा?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा नवरा दोघंही आयुर्वेदाचे डॉक्टर, दवाखाना डोंबिवलीत. सासऱ्यांची वांगणीजवळ साधारण तीन एकर जमीन आहे. वरच्या अंगाला माळ, उतारावर भाताची खाचरं आणि तळाशी उल्हास नदीला मिळणारा ओहोळ. तिथे दहा खोल्यांचं आरोग्यनिवास बांधायचं ठरतंय. पेशंट आठ-पंधरा दिवस राहून पंचकर्म करतील, आणि घरच्यांना लोकलने येऊन भेटता येईल.

आर्किटेक्टने दिलेला पहिला आराखडा देखणा आहे. पण त्यात सगळा उतार जेसीबीने सपाट करून मधोमध लॉन आणि कारंजं, भोवती मोठ्या काचांच्या एसी खोल्या असा बेत आहे. माझा जीव तिथेच अडकलाय. खाचरांचे बांध पिढ्यान्‌पिढ्या पाणी टप्प्याटप्प्याने खाली उतरवत आलेत. ते मोडले तर पाणी कुठून जाईल? जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं, हे बहुतेकांना आठवत असेल. नदीला निळी आणि लाल पूररेषा असते, म्हणजे अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण आमच्या छोट्या ओहोळाला अशी रेषा आखलेली नाही. गावातले म्हातारे सांगतात की पाणी खालच्या उंबरापर्यंत चढतं. तेवढ्यावर जोत्याची उंची ठरवावी का? की कोणाकडून रीतसर पातळी काढून घ्यावी? हे काम नेमकं कोण करतं?

पावसाळ्यात बंद ठेवा, असं दोघा-तिघांनी सुचवलं. ते शक्यच नाही. वर्षा ऋतू हा बस्तीचा, म्हणजे औषधी एनिमाचा काळ. सांधेदुखी, कंबरदुखी, वाताचे बाकीचे त्रास असलेले पेशंट आमच्याकडे जून ते सप्टेंबर याच महिन्यांत सगळ्यात जास्त येतात. म्हणून जी वास्तू श्रावणात कोरडी, उबदार आणि चालायला सोपी राहील तीच मला हवी आहे.

इथे खरा पेच येतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंधराव्या अध्यायात, उपचाराचं घर कसं असावं ते सांगितलंय: भक्कम, वाऱ्याचा झोत न लागणारं पण एका भागात मोकळी हवा खेळणारं, आत सुखाने वावरता येईल असं, आणि धूर, ऊन, पाणी, धूळ यांचा शिरकाव नसलेलं. स्नेहन-स्वेदन झालेल्या, म्हणजे तेल लावून वाफ दिलेल्या माणसाला वारा लागून चालत नाही. म्हणजे द्रोणीची (तेल-मसाजाच्या लाकडी टेबलाची) खोली बंदिस्त हवी, आणि तिथून पेशंटच्या खोलीपर्यंतची वाटही आडोशाची हवी. उलट राहायच्या खोलीत हवा खेळली नाही तर पावसाळ्यात आठवड्याभरात गाद्यांना बुरशी धरते. दोन्ही एकाच छपराखाली कसं जमवायचं? माझ्या मनात असं आहे की उपचाराच्या खोल्या मधल्या गाभ्यात घ्याव्यात, त्यांच्याभोवती रुंद पडवी आणि पडवीला लागून राहायच्या खोल्या. पण मग गाभ्यात उजेड कुठून येणार?

दुसरा पेच दिशेचा. चंदेरीचा डोंगर पश्चिमेला दिसतो. आषाढात त्याच्या कड्यावरून ढग उतरताना पाहणं हा अर्धा उपचार आहे, असं मला मनापासून वाटतं. पण कडक ऊन पश्चिमेचंच आणि पावसाची झडही नैर्ऋत्येकडून येणारी. एप्रिल-मेमध्ये बदलापूर-कर्जत पट्ट्यात पारा चाळिशीच्या वर जातो. पश्चिमेला काच लावली तर ती खोली भट्टी होईल. पाच-सहा फूट बाहेर आलेलं मंगलोरी कौलांचं छप्पर आणि पडवीच्या कडेला कारवीचे उचलते तट्टे, हे झडीला पुरेल का? की झड तरीही आत येतेच?

खिडकीबद्दल मात्र मी ठाम आहे. आराखड्यात खिडकीची खालची कड तीन फुटांवर आहे. पलंगावर आडव्या पडलेल्या माणसाला तिथून फक्त छपराची वळचण दिसेल. मला ती दीड फुटावर हवी, म्हणजे उशीवरून खाचर दिसेल. अमेरिकेत रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांची तुलना छापली होती. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. आमचे बरेचसे पेशंट दिवसाचा मोठा भाग पडून असतात, त्यामुळे उशीवरून काय दिसतं याला माझ्या लेखी लॉबीपेक्षा जास्त किंमत आहे.

लॉनऐवजी खाचरं तशीच ठेवून भात लावायचा विचार आहे, बांधावरून फिरायची वाट. ऐन, पळस, करंज, उंबर आहेत त्यांना हात लावायचा नाही. बहावा आणि ताम्हण नवीन लावू. गुडघेदुखीच्या माणसाला निसरड्या बांधावरून चालवता येत नाही, तेव्हा वाटेला काय घालावं? काळ्या दगडाची फरशी शेवाळते. खडबडीत जांभा टिकेल का? शिवाय गवतात घोणस, फुरसं असतंच. वाटेच्या दोन्ही बाजूंनी किती रुंद पट्टा साफ ठेवावा, आणि दिवे किती खाली लावावेत?

अजून एक गोष्ट, जिच्याकडे आराखड्यात कोणी पाहिलेलंच नाही. मसाजच्या तेलाने माखलेल्या चादरी आणि तेलकट सांडपाणी. हे पाणी ओहोळात एक थेंबही जाता कामा नये, खाली लोक त्यावर भाजी करतात. कर्दळीच्या वाफ्यातून पाणी गाळायची पद्धत माहीत आहे, पण तेलाने तो वाफा तुंबेल ना? आधी तेल अडवायला चेंबर किती मोठा लागतो? आणि तेलकट चादरी पावसाळ्यात वाळवायला काढ्याच्या चुलीची ऊब वापरता येईल अशी खोली कोणी बांधली आहे का?

कोकणात किंवा घाटाखालच्या भागात असं काम केलेल्या, किंवा अशा ठिकाणी पावसाळ्यात राहून आलेल्या मंडळींनी कृपया सविस्तर लिहा. आर्किटेक्टशी पुढची बैठक गणपतीनंतर आहे, तोवर जोत्याची उंची आणि तेलाचा चेंबर या दोन गोष्टींवर तरी मत मिळालं तर फार मदत होईल.